शिकवणी वर्ग काढण्यापूर्वी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिराने, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच सुमारास गावोगावी आणखीही काही उघडत असते. कुणाच्या पडवीत, कुणाच्या माडीवर, कुठे भाड्याच्या खोलीत शिकवणीचे वर्ग सुरू होतात. फळा येतो, सतरंजी येते, दहापंधरा मुले येऊन बसतात. शिकवणारा कुणी बी. एड. होऊन नोकरीची वाट पाहणारा तरुण असतो, कुणी लग्न होऊन गावात आलेली पदवीधर सून असते, तर कुणी सेवानिवृत्त गुरुजी असतात. विद्या घरची, फळा आणि खडू तेवढे विकतचे. इतक्या थोड्या भांडवलावर उभा राहणारा दुसरा धंदा क्वचितच सापडेल.

पण याच मंडळींना विचारून पहा, की बाबांनो, तुमच्या वर्गाची कुठे नोंद आहे का? कर भरायचा असतो, की नसतो? बहुतेक जण गप्प होतात. काही म्हणतात, "आपल्याला कोण पाहायला येतो!" काही इतके घाबरतात, की दहा मुलांच्या वर्गासाठी एखाद्या मध्यस्थाच्या हातावर पाच-सात हजार रुपये ठेवून नको ती कागदपत्रे करून घेतात. दोघांचेही नुकसान होते. पहिल्याचे पुढे केव्हा तरी होते, दुसऱ्याचे ताबडतोब.

मला आज एवढेच सांगायचे आहे, की लहान शिक्षकाकडून कायदा फार काही मागत नाही. जे मागतो, त्यातले पुष्कळसे फुकट होते आणि राहिलेले थोड्या पैशांत होते. मात्र ते पहिल्या वर्षीच करून टाकावे.

आता पहिला प्रश्न असा, की शिकवणी घेण्याची मोकळीक कुणाला आहे? शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकाला ती नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २८व्या कलमाने शिक्षकाला खाजगी शिकवणी घेण्यास स्पष्ट मनाई केली आहे. आम्हा महाविद्यालयातल्या लोकांनाही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आचारसंहितेने सांगितलेले आहे, की आपल्या कामात अडथळा आणतील अशा खाजगी शिकवण्यांपासून दूर राहावे. कुणी म्हणेल, "मग पाटी बायकोच्या नावाने लावू." बाई स्वतः शिकवत असतील, फी त्यांच्या खात्यात जमा होत असेल, तर तो त्यांचा व्यवसाय आहे आणि त्यात वावगे काही नाही. पण पाटी त्यांची आणि फळ्याजवळ उभे राहणारे गुरुजी नोकरीतले, असा प्रकार असेल तर तो पाटी बदलल्याने नियमात बसत नाही. ज्यांची नोकरी पक्की आहे त्यांनी ती या पायी धोक्यात घालू नये. सेवानिवृत्त शिक्षक, नोकरीत नसलेले पदवीधर, गृहिणी यांना मात्र मोकळीक आहे.

दुसरी एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. शाळेला पूरक म्हणून सकाळ-संध्याकाळ शिकवणे ही शिकवणी झाली. परंतु मुलांना दिवसभर बसवून पहिली-दुसरीचे वर्ग चालवले, तर ती शाळा होते. आणि मान्यतेवाचून शाळा चालवली तर याच कायद्याने एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यापुढे दर दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. सरकारी प्रमाणपत्राच्या परीक्षेला मुले बसवणारी टंकलेखनाची संस्था काढायची असेल, तर तिलाही शिक्षण खात्याची मान्यता घ्यावी लागते.

बरे, आपण शिकवणीच काढायची ठरवली. मग कंपनी काढावी लागते काय? मुळीच नाही. एकटा माणूस स्वतःच्या जबाबदारीवर जो धंदा करतो, त्याला एकमालकीचा व्यवसाय म्हणतात. तो सुरू करण्यासाठी वेगळी कंपनी किंवा संस्था स्थापावी लागत नाही. मालकाचा पॅन क्रमांक तोच व्यवसायाचा क्रमांक. मात्र धंद्याचे कर्ज ते मालकाचे कर्ज आणि धंद्याची चूक ती मालकाची चूक, हेही त्यातच आले. दोघे मित्र मिळून वर्ग काढत असतील, तर ती भागीदारी झाली. तिथे भागीदारीचा करार लिहूनच काढावा. मैत्री आहे म्हणून लिहिले नाही, तर फी वाटून घेताना मैत्रीही जाते आणि वर्गही बंद पडतो.

पॅन हाताशी आला, की बँकेत वर्गासाठी एक वेगळे खाते उघडा. फी त्यातच जमा व्हावी आणि खर्चही त्यातूनच जावा. घरचा किराणा आणि वर्गाचे भाडे एकाच खात्यातून गेले, की वर्षाअखेर कुणालाच काही उमगत नाही.

त्यानंतर उद्यम नोंदणी. केंद्र सरकारने ही पद्धत १ जुलै २०२० पासून सुरू केली. लहान उद्योगांमध्ये सेवा देणारे व्यवसायही धरले जातात आणि शिकवणे ही सेवाच आहे. आधार व पॅन यांच्या आधारे सरकारी संकेतस्थळावर ही नोंद होते आणि तिला सरकारी फी एक पैसाही नाही. सेवा केंद्रावर टंकनाचे थोडे पैसे द्यावे लागतील ते वेगळे. 'उद्यमचे सरकारी चलान' म्हणून कुणी हजारो रुपये मागू लागला, तर त्याला नमस्कार करून उठून यावे. ही नोंद सक्तीची नाही, पण उपयोगाची आहे. बाके, फळा, संगणक यांसाठी मुद्रा योजनेतून कर्ज मागायला बँकेत गेलात, की ती कामी येते. ही योजना २०१५ साली सुरू झाली आणि तिच्या 'शिशु' प्रकारात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणावाचून मागता येते.

आता जागेचे पाहू. स्वतःच्या घरात वर्ग असेल तर प्रश्न सोपा आहे. तरी विजेचे मीटर घरगुती वापराचे आहे, घरपट्टी राहत्या घराची आहे, हे ध्यानात घेऊन वीज कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत वा नगरपरिषदेत आधी विचारून ठेवावे. जागा भाड्याची असेल तर करार लेखी करून तो नोंदवावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५५व्या कलमाने असा करार लेखी असणे आणि नोंदवणे सक्तीचे केले आहे. ती जबाबदारी घरमालकावर आहे. पण ऐन परीक्षेच्या तोंडावर 'खोली रिकामी करा' असे कुणी म्हणाला, तर नोंदलेला करार तुमच्याच उपयोगी पडेल.

जागेच्या बाबतीत कागदापेक्षाही मोठी एक गोष्ट आहे. २४ मे २०१९ रोजी सुरत शहरात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालू असताना आग लागली. खाली उतरण्याचा मार्ग बंद झाला. मुलांनी वरून उड्या टाकल्या. त्या दिवशी २२ जीव गेले. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. ती मोठी शहरे होती, आपले खेडे आहे, असे म्हणून चालणार नाही. एकच अरुंद जिना, खाली गॅसच्या टाक्या आणि वर पन्नास मुले, अशी जागा तालुक्याच्या गावीही पुष्कळदा दिसते. तळघरात वर्ग घेऊ नका. ज्या खोलीला बाहेर पडायला दोन वाटा आहेत ती पसंत करा. आग विझवण्याचे नळकांडे टांगून ठेवा आणि ते कसे चालवायचे हे स्वतः शिकून घ्या. महाराष्ट्रात आगीपासून बचावाचा २००६ चा कायदा आहे. पण तपासणीला कुणी येवो न येवो, आईबापांनी मूल तुमच्या भरवशावर पाठवले आहे.

वर्ग सुरू झाला, की साठ दिवसांच्या आत शॉप ॲक्टची सूचना द्यावी. आपल्याकडे याला अजूनही 'गुमास्ता' म्हणतात. २०१७ च्या नव्या कायद्याने यात पुष्कळ सोय केली. मोजकीच माणसे कामाला असतील, तर परवाना घ्यावा लागत नाही. आम्ही अमुक ठिकाणी अमुक व्यवसाय सुरू केला आहे, एवढे संकेतस्थळावरून कळवायचे आणि त्याची पोच जपून ठेवायची.

आता कराकडे वळू. यात पहिला येतो व्यवसाय कर. पुष्कळांना तो माहीतच नसतो, आणि नेमका हाच कर लहान वर्गालाही लागू होतो. वर्ग चालवणाऱ्याने त्याची नावनोंदणी व्यवसाय सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत राज्याच्या जीएसटी खात्याकडे करायची असते. कर वर्षाला २,५०० रुपये. तो दरवर्षी ३० जूनपर्यंत भरायचा. उत्पन्न कमी झाले म्हणून तो कमी होत नाही आणि वाढले म्हणून वाढतही नाही. आपल्या राज्यघटनेच्या २७६व्या कलमानेच हा कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये, असे बांधून दिले आहे. ज्यांचे वय ६५ च्या पुढे आहे त्यांना हा कर माफ आहे. तेव्हा सेवानिवृत्त गुरुजींनी आपले वय पाहून घ्यावे. भरायचा राहिला, की थकबाकीवर व्याज व दंड चढत जातो. आणि चार-पाच वर्षांनी नोटीस आली, म्हणजे अडीच हजारांचा आकडा भलताच फुगलेला असतो.

हा कर आला कोठून, तेही ऐकण्यासारखे आहे. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना सुरू केली. मागेल त्याला काम, ही कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. पण हमी द्यायची म्हणजे पैसा पाहिजे. तो उभा करण्यासाठी १९७५ साली हा व्यवसाय कर बसवण्यात आला. पगारदार, वकील, डॉक्टर, दुकानदार यांनी थोडे थोडे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला नालाबंडिंगवर, रस्त्यावर, तळ्यावर काम मिळायचे. पुढे २००५ साली सगळ्या देशाने त्या कल्पनेवर कायदा केला. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजीने रोजगार हमीच्या कामावर माती वाहिली असेल, तर तिच्या मजुरीत या कराचा वाटा होता.

वर्गात मदतीला माणूस ठेवला, तर आणखी एक गोष्ट पाहायची. त्याचा पगार महिना ७,५०० रुपयांपेक्षा जास्त असेल, आणि बाई असतील तर २५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर त्यांचा व्यवसाय कर पगारातून कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. त्यासाठी मालक म्हणून वेगळी नोंद करावी लागते.

दुसरा कर प्राप्तिकर. हा कर हिंदुस्थानात प्रथम १८६० साली आला. १९६१ चा कायदा आपण साठ वर्षांहून अधिक काळ वापरला. त्याच्या जागी २०२५ साली नवा कायदा मंजूर झाला, तो १ एप्रिल २०२६ पासूनचा. प्राप्तिकर खात्यात नव्याने निवडलेल्या अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी राष्ट्रीय प्रबोधिनी आपल्या नागपुरातच आहे, छिंदवाडा रस्त्यावर. तेव्हा या विषयाची आपण नागपूरकरांनी तरी धास्ती घेऊ नये!

प्राप्तिकर जमा झालेल्या सगळ्या फीवर नसतो. फीमधून वर्गाचा खर्च वजा जाऊन जे उरते, ते उत्पन्न. एक हिशेब मांडून पाहू. समजा, काटोलला एका ताईंचा वर्ग आहे. मुले ४०, फी महिना ६०० रुपये, आणि वर्ग वर्षातले १० महिने. एकूण जमा झाली २,४०,००० रुपये. आता खर्च धरा. खोलीचे भाडे महिना ३,००० प्रमाणे वर्षाचे ३६,०००. वीज आणि इंटरनेट १२,०००. खडू, झेरॉक्स, प्रश्नपत्रिका १२,०००. मदतनीस मुलीला महिना ५,००० प्रमाणे दहा महिन्यांचे ५०,०००. हे झाले १,१०,०००. शिवाय व्यवसाय कराचे २,५०० हेही खर्चातच धरायचे. उरले १,२७,५००. हे ताईंचे वर्षाचे उत्पन्न. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि सवलत धरली तर साधारण उत्पन्न असणाऱ्या रहिवाशाला १२ लाखांपर्यंत कर द्यावा लागत नाही. म्हणजे ताईंचा प्राप्तिकर शून्य. मदतनीस मुलीचा पगार मर्यादेच्या आत, म्हणून तिच्याकडूनही काही कापायचे नाही. वर्षाकाठी सरकारला द्यायचे ते व्यवसाय कराचे अडीच हजार तेवढे.

इथे दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. ताईंनी स्वतःला 'पगार' म्हणून काही लिहिले, तर तो खर्च धरला जात नाही. मालकाचे घेणे म्हणजे त्याचेच उत्पन्न. वर्गासाठी संगणक घेतला, तर त्याची सगळी किंमत एकदम खर्चात टाकत नाहीत. घसारा म्हणून दर वर्षी उरलेल्या किमतीच्या ४० टक्के धरतात. आणि ज्यांना निवृत्तिवेतन आहे, शेताव्यतिरिक्त घरभाडे किंवा ठेवींचे व्याज आहे, त्यांनी ते सगळे शिकवणीच्या उत्पन्नात मिळवूनच मर्यादा पाहायची असते. कर बसत नसला तरी ४ लाखांवर उत्पन्न गेले, की विवरणपत्र भरावेच लागते. १२ लाखांच्या सवलतीचा अर्थ 'काही भरायचेच नाही' असा पुष्कळ जण करतात, तो चुकीचा आहे. आणि मी तर म्हणेन, उत्पन्न चार लाखांच्या आत असले तरी विवरणपत्र भरावे. मुलीच्या शिक्षणासाठी, घरासाठी कर्ज मागायला गेलात, की बँक पहिल्यांदा तोच कागद मागते. नोकरदाराला पगाराची चिठ्ठी असते, तशी ही तुमची चिठ्ठी.

तिसरा कर जीएसटी. याचीच भीती सर्वांत जास्त आणि लहान वर्गाला याचाच संबंध सर्वांत कमी. शिकवणी वर्गांवर केंद्राचा सेवा कर प्रथम १ जुलै २००३ पासून बसला आणि १ जुलै २०१७ पासून त्याची जागा जीएसटीने घेतली. शाळा-महाविद्यालयांचे शिक्षण यातून सुटलेले आहे, खाजगी शिकवणी सुटलेली नाही. दर १८ टक्के. पण वर्षाची एकूण जमा २० लाख रुपयांच्या आत असेल, तर नोंदणी करावी लागत नाही. लक्षात घ्या, इथे पाहायची ती जमा. खर्च वजा जाऊन उरलेले उत्पन्न नव्हे. काटोलच्या ताईंची जमा २ लाख ४० हजार. वीस लाखांना अजून पुष्कळ अवकाश आहे. ज्यांची जमा वीस लाखांवर जाईल, त्यांनी तीस दिवसांच्या आत नोंदणी करावी. मात्र नोंदणी नसताना पालकाकडून 'जीएसटीचे' म्हणून जादा पैसे घेणे हा गुन्हा आहे. पालकांनीही ऐकून ठेवावे. कुणी फीवर जीएसटी लावला, तर पावतीवर पंधरा आकडी-अक्षरी क्रमांक आहे का, ते पहावे.

आता राहिला पालकांशी व्यवहार. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांना धरून आहेत आणि त्यांवर कायदा करणे हे राज्यांचे काम आहे. पण त्यांतल्या काही गोष्टी दहा मुलांच्या वर्गानेही पाळाव्यात अशा आहेत. शिकवणारा निदान पदवीधर असावा. गुणांची किंवा नंबराची हमी देऊ नये. दर मुलामागे निदान एक चौरस मीटर जागा असावी. पूर्ण फी भरून मूल मध्येच सोडून गेले, तर राहिलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. आपला वर्ग पन्नासाच्या पुढे जाणार असेल, तर राज्यात त्या वेळी कोणता नियम लागू आहे, ते जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात जाऊन विचारावे.

जाहिरातीविषयीही तसेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींवर नियम घातले. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव किंवा फोटो छापायचा, तर निकालानंतर त्याची लेखी संमती घ्यायला हवी. गावात मोठा फलक लावून "शंभर टक्के निकालाची खात्री" असे लिहिण्यापूर्वी हे आठवावे. दुसऱ्याचे पुस्तक जसेच्या तसे झेरॉक्स करून 'आमच्या नोट्स' म्हणून विकणेही कायद्यात बसत नाही. बालभारतीचे असले तरी नाही. स्वतःच्या नोट्स स्वतः लिहाव्यात. मुलांना त्याच जास्त समजतात.

तेव्हा श्रोतेहो, पहिल्या वर्षीचा क्रम असा ठेवा. पॅन आणि वेगळे बँक खाते. लेखी, नोंदलेला भाडेकरार. शॉप ॲक्टची सूचना. व्यवसाय कराची नावनोंदणी. उद्यमची नोंद. कर्ज हवे असेल तर त्यानंतर. या सगळ्यापेक्षा आधी मात्र दोन वस्तू बाजारातून आणा : एक पावतीपुस्तक आणि एक जमाखर्चाची वही. कुणी दोनशे रुपये दिले तरी पावती द्या. रोज संध्याकाळी वर्ग सुटला, की पाच मिनिटे बसून आलेले-गेलेले लिहा. भाड्याची, विजेची, झेरॉक्सची बिले एका पाकिटात ठेवा. मार्च संपला, की हे पाकीट आणि वही घेऊन एखाद्या जाणत्या कर सल्लागाराकडे एकदा जा. तुमची जमा अंदाजी टक्केवारीने दाखवायची, की प्रत्यक्ष खर्च वजा करून, हे तो वही पाहून सांगेल. वही नसेल, तर तोही अंदाजच बांधणार आणि त्या अंदाजाची सही तुम्हाला करावी लागणार.

खेड्यातला पालक कापूस विकून, मजुरी करून फी भरतो. त्याच्या हातात तुमची पावती असली, दाराशी वर्गाचे नाव लिहिलेले असले, बाहेर पडायला वाट मोकळी असली, म्हणजे तो निर्धास्तपणे मूल पाठवतो. आणि दहावीला बसणारी एखादी मुलगी संध्याकाळी सातला वर्ग सुटल्यावर घरी जाऊ शकेल की नाही, हेही शेवटी तिच्या आईबापांच्या तुमच्यावरच्या विश्वासावरच ठरत असते.